ट्रकीचे मासे : बर्फाच्या आधीचं गाव

सिएराकर | ९ जानेवारी, रात्री १०:४२

दर डिसेंबरात इथे 'टाहोला स्कीइंगला जातोय, कुठे राहावं?' असा एक धागा निघतोच. मीही त्यात दोनतीनदा उत्तरं दिली आहेत. हा धागा त्याच भागाबद्दल आहे, पण स्कीइंगबद्दल नाही. आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर तिसऱ्या प्रतिसादात कोणीतरी भाड्याच्या बुटांची चौकशी करेल.

मी ट्रकीला राहतो. (आईला पहिल्यांदा फोनवर सांगितलं तेव्हा तिला वाटलं, नोकरी गेली आणि पोरगं ट्रक चालवायला लागलं.) कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा डोंगरात, साडेपाच हजार फुटांच्या वर वसलेलं छोटं गाव. टाहो तळ्यातून निघणारी ट्रकी नदी गावाला लागून वाहते, तिच्या काठाने रेल्वे जाते आणि वर आय-८० हायवे. हिवाळ्यात शुक्रवारी संध्याकाळी बे एरियातून, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासहून, गाड्यांची रांग लागते, रविवारी तीच रांग उलटी फिरते. मधले दोन दिवस गावात पाव मिळत नाही.

गेल्या आठवड्यात वादळ झालं आणि आमच्या शेजारच्या आजोबांच्या शेडवर चार फूट बर्फ साठला. (मी त्यांना इथल्या रिवाजाप्रमाणे नावानेच हाक मारतो, पण मराठीत लिहायला घेतलं की आजोबाच येतं.) वय ब्याऐंशी. स्वतः शिडी लावून चढायला निघाले होते, म्हणून मी फावडं घेऊन धावलो. काम झाल्यावर त्यांनी शेडमध्ये बोलावून कॉफी दिली. भिंतीला लाकडी स्कीच्या चार जोड्या टांगलेल्या, एक माझ्यापेक्षा उंच. त्यांनी सहज एक खण ओढला. डाव्या बाजूला स्कीला लावायच्या मेणाच्या वड्या आणि उजव्या बाजूला पत्र्याची डबी. डबीत माशा.

म्हणजे गळाला लावायच्या खोट्या माशा. नखाएवढ्या गळावर पिसाचा तुकडा, सशाचे केस आणि तांब्याची केसासारखी तार गुंडाळून केलेला किडा. साठसत्तर असतील. काहींची पिसं झडलेली, काहींचे गळ गंजलेले. आजोबांनी चष्मा कपाळावर ढकलला, एक उचलून डोळ्यांजवळ नेली आणि म्हणाले, "ही एकसष्ट सालची. शाळा बुडवून बनवलेली." मग वर्ष, जागा, मासा, पाऊस होता की नव्हता, असं प्रत्येकीचं सांगत बसले. मी दोन तास तिथेच. बायकोचे तीन फोन आले.

त्यांच्या तोंडून एक वाक्य आलं त्यावरून हा धागा. म्हणाले, "लोकांना वाटतं, हे बर्फाचं गाव आहे. आमच्या लहानपणी बर्फ ही अडचण होती. गाव नदीचं होतं."

घरी येऊन मी शोधायला लागलो. गेली अकरा वर्षं ज्या नदीवरच्या पुलावरून रोज जातो, तिच्याबद्दल मला काहीही माहीत नव्हतं असं निघालं. जमेल तसं लिहितो. कोणाला अधिक माहिती असेल तर भर घाला.

टवाळ_कार्टं | ९ जानेवारी, रात्री ११:०५

पहिला! भाड्याचे बूट कुठे मिळतील?

चिंगळी | १० जानेवारी, सकाळी ७:३०

वाचतेय. लवकर लिहा. आणि खाण्याचं विसरू नका, नुसतं निसर्गवर्णन नको.

सिएराकर | १० जानेवारी, रात्री ९:५८

@टवाळ_कार्टं, अपेक्षेपेक्षा लवकर आलात.

तर. गावाच्या आधी नदी, नदीच्या आधी मासा.

हिमयुगात आजच्या नेवाडा राज्याचा मोठा भाग लाहोन्टान नावाच्या अवाढव्य तळ्याखाली होता. तळं आटलं आणि डबकी उरली. त्यातलं मोठं म्हणजे पिरॅमिड लेक. ट्रकी नदी टाहोतून निघते, डोंगर उतरते, रीनो शहरातून जाते आणि या पिरॅमिड लेकमध्ये संपते. समुद्राला जातच नाही. जेमतेम १९० किलोमीटरची नदी, वर एक तळं, खाली एक तळं. वरचं गोडं आणि थंडगार, ५०१ मीटर खोल. खालचं वाळवंटातलं, खारटसर.

या दोन तळ्यांमध्ये ये-जा करणारा मासा म्हणजे लाहोन्टान कटथ्रोट ट्राउट. जबड्याखाली दोन्ही बाजूंना लालभडक रेघ असते, गळा चिरल्यासारखी, म्हणून कटथ्रोट. खालच्या तळ्यात वाढायचा, वसंतात बर्फ वितळून नदी फुगली की अंडी घालायला डोंगर चढायला लागायचा. टाहोतलेही आजूबाजूच्या ओढ्यांत चढायचे.

जानेवारी १८४४ मध्ये जॉन फ्रेमाँट नावाचा लष्करी सर्वेक्षक पिरॅमिड लेकला पोचला. तळ्यातल्या शंकूसारख्या खडकावरून नाव त्यानेच ठेवलं. तिथल्या मूळ रहिवासी पायूट लोकांनी त्याच्या उपाशी तुकडीला मासे आणून दिले. दोन ते चार फूट लांबीचे. आपण आजवर खाल्लेल्यांत हा सगळ्यात चवदार, असं त्याने लिहून ठेवलंय. नदीला त्याने 'सामन ट्राउट रिव्हर' म्हटलं. ते नाव टिकलं नाही. ट्रकी हे टिकलेलं नाव पायूटांच्या एका मुखियाचं.

वरच्या अंगाला टाहोभोवती वाशो लोक उन्हाळ्यात यायचे. तळ्याला ते 'दा आव' म्हणत, 'टाहो' हा त्याचाच अपभ्रंश. ओढ्यांच्या तोंडाशी टोपल्या आणि भाले घेऊन मासे धरायचे, वाळवायचे, हिवाळ्याची बेगमी करून खाली उतरायचे.

उद्या रेल्वे.

घावन | ११ जानेवारी, सकाळी ८:१२

सिएराकर, वाचताना अंगावर काटा आला. हे तर आमचे चढणीचे मासे!

मृगाचा पहिला दणक्याचा पाऊस पडला, व्हाळ लाल पाण्याने भरला की नदीतले मासे उलटे चढत शेतात यायचे. आजोबा एरवी वर्षभर गरी घेऊन बसणारे, सुट्टीत मला म्हणायचे, "चल रे गरवूक". पण चढणीच्या रात्री गरी घरात. त्या रात्री कंदील, पाग आणि सगळी वाडी. गुडघाभर पाण्यात मासे पायाला आपटून जायचे. तो स्पर्श अजून आठवतो.

चिंगळी | ११ जानेवारी, सकाळी ९:४०

आमच्या रायगडात वलगण म्हणतात, वलगणीचे मासे. पोटात गाबोळी असते त्यांच्या. लहानपणी ती गाबोळी कोण जास्त खातं यावर भावंडांची मारामारी व्हायची. आता वाटतं, एकेका गाबोळीत हजारो मासे खाल्ले आम्ही. तेव्हा कोणाला कळत होतं!

सिएराकर | ११ जानेवारी, रात्री १०:२०

घावन, चिंगळी, मनापासून आभार. दोन दिवस 'स्पॉनिंग रन'ला मराठी शब्द शोधत होतो. वलगण! घरातलाच निघाला.

तर ट्रकीची वलगण.

१८६८ मध्ये खंडपार रेल्वे डोंगर ओलांडून ट्रकीला पोचली आणि गाव उभं राहिलं. धंदे तीन : लाकूड, बर्फ आणि मासे. बर्फ म्हणजे स्कीचा नव्हे, खायचाप्यायचा. नदीवर आणि तळ्यांवर गोठलेला बर्फ करवतीने कापायचा, लाकडाच्या भुशात पुरून ठेवायचा आणि उन्हाळ्यात रेल्वेने पाठवायचा. कॅलिफोर्नियाची फळं-भाज्या पूर्वेला जायच्या त्या याच्यावर. आणि त्याच रेल्वेने टाहोचे ट्राउट सॅन फ्रान्सिस्कोच्या हॉटेलांत जायचे. मासा इथला, मासा थंड ठेवणारा बर्फही इथला. धंदा म्हणून बघितलं तर झकास जोडणी.

तळ्यावर जाळी लावून मासेमारी चालायची. १९१७ मध्ये कॅलिफोर्नियाने टाहोवरची धंदेवाईक मासेमारी बंद केली. तोवर उशीर झाला होता, आणि जाळी हे एकच कारण नव्हतं. गिरण्यांचा लाकडाचा भुसा सरळ नदीत जायचा. जिथे अंडी घालायची त्या खडीवर भुश्याचा थर बसला की अंडी गुदमरतात. ट्रकीच्या खाली फ्लोरिस्टनला कागदाची गिरणी होती, तिचं पाणीही नदीतच. आणि तळ्यात बाहेरचे मासे आणून सोडायचा छंद. १८८० च्या दशकात पूर्वेकडच्या मोठ्या तळ्यांतला लेक ट्राउट, इथे त्याला मॅकिनॉ म्हणतात, तो टाहोत आणला. भला मोठा, खोल पाण्यातला, दुसऱ्यांची पिल्लं खाणारा.

१९३९ च्या आसपास टाहोतला मूळचा कटथ्रोट संपला. आजोबांचा जन्म १९४३ चा.

थोडक्यात, आजोबांनी तो मासा कधी बघितलाच नाही. त्यांच्या डबीतली प्रत्येक माशी बाहेरून आणलेल्या माशांसाठी आहे : युरोपातला ब्राऊन ट्राउट आणि रेनबो. यातला बराचसा रेनबो हॅचरीच्या (माशांची पैदास करायच्या केंद्राच्या) टाकीतून, ट्रकमधून आणून नदीत ओतलेला. त्यांचे 'जुने दिवस' म्हणजे ते ट्रक यायचे ते दिवस. "मे महिन्यात टाकी कुठल्या पुलाशी थांबते याची खबर आम्हा पोरांना शाळेच्या घंटेआधी असायची," असं स्वतःच हसत सांगत होते.

कोरडवाहू | १२ जानेवारी, सकाळी ६:५५

लेख चांगला चाललाय, पण मुख्य आरोपी अजून कठड्यात आला नाही. मी पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं काढली, त्यामुळे मला धरण आधी दिसतं.

१९०२ साली अमेरिकेने सरकारी खर्चाने वाळवंट ओलिताखाली आणायचा कायदा केला. तो रेटणारा नेवाडाचा फ्रान्सिस न्यूलँड्स. पहिल्याच योजनांपैकी एक त्याच्या नावाची. रीनोच्या खाली ट्रकी नदीवर डर्बी डॅम बांधला, १९०५ मध्ये पुरा झाला. उंचीने किरकोळ, आपल्याकडे त्याला बंधाराच म्हणू. पण त्याने नदीचं निम्म्याच्या आसपास पाणी उचललं आणि ३२ मैलांच्या कालव्याने शेजारच्या कार्सन खोऱ्यात, फॅलन गावाकडे वळवलं. तिथे लसूणघास आणि खरबुजं. फॅलनची खरबुजं नावाजलेली होती.

पिरॅमिड लेकला दुसरं पाणी नाही. तळं पुढच्या दशकांत ऐंशी फूट उतरलं. शेजारचं विनमका लेक १९३० च्या दशकाअखेर ठणठणीत कोरडं पडलं. नदीच्या तोंडाशी गाळाची जीभ वाढत गेली आणि पाणी इतकं पसरट झालं की मोठ्या माशाला तळ्यातून नदीत शिरणंच मुश्कील. शेवटची नोंदलेली वलगण १९३८ ची.

योजना आखणाऱ्यांना दोष देणं सोपं आहे. आमच्या काळातही 'पाणी वाया जातंय' म्हणजे 'पाणी नदीत वाहतंय' असंच समजलं जायचं. मीही तसं टिपणीत लिहिलेलं आहे.

लोहगडी | १२ जानेवारी, दुपारी १:१५

कोरडवाहूकाका, शेवटच्या ओळीसाठी दंडवत.

अवांतर : लोणावळ्याला वळवण धरणापाशी टाटा पॉवरचं महसीर पैदास केंद्र आहे, १९७० च्या दशकापासून. धरणवाल्यांनीच मासा वाढवायचा, असा उलटा न्याय. लहानपणी ती बोटाएवढी पिल्लं बघितली होती, खवल्यांवर सोनेरी झाक. आता लोणावळा म्हटलं की चिक्की आणि ट्रॅफिक.

बर्फाळ_भटक्या | १२ जानेवारी, रात्री ८:३३

मनालीची गोष्टही अशीच. सोलांगला लोक स्कीइंगला जातात आणि संध्याकाळी मनालीत 'लोकल ट्राउट' मागवतात. तो लोकल नाहीच. इंग्रज साहेबांनी आधी काश्मिरात ट्राउटची अंडी आणली, तिथून १९०९ मध्ये ती कुल्लूत आली. साहेबाला घरच्यासारखी नदी हवी होती. आता पतलीकुहलला सरकारी ट्राउट फार्म आहे आणि बियासच्या काठावरचा माणूस 'आमचा ट्राउट' म्हणतो. शंभर वर्षांत झाला की आपला! बटाटा-मिरचीचं तरी दुसरं काय झालं?

टवाळ_कार्टं | १२ जानेवारी, रात्री ८:५०

एक गंभीर प्रश्न. (हो, मी विचारतोय.) माझा इथला बॉस दर उन्हाळ्यात चार दिवस सुट्टी घेतो, दिवसभर पाण्यात उभा राहतो, मासा पकडतो, फोटो काढतो आणि सोडून देतो. मला हा प्रकार अजिबात झेपत नाही. खायचा नाही तर त्या बिचाऱ्याला भोसकायचं कशाला?

चिंगळी | १२ जानेवारी, रात्री ९:०२

+१. आमच्या आजीला सांगितलं असतं तर तिने बॉसला कालवण करून घालून ताळ्यावर आणलं असतं.

सिएराकर | १२ जानेवारी, रात्री ११:३०

मलाही पहिली काही वर्षं हे ढोंग वाटायचं. अजूनही थोडं वाटतं. आजोबांना विचारलं. ते म्हणाले, त्यांचे वडील पकडायचे आणि सगळे घरी आणायचे. वेताची टोपली होती, आत ओलं गवत, त्यावर मासे. ती टोपली अजून शेडमध्ये आहे. माझ्या हातात दिली तर साठ वर्षांनीही आत वास होता. मासळीचा म्हणून सांगता आला नसता, पण नुसत्या वेताचाही नव्हता. आजोबांनी स्वतः तिशीत सोडायला सुरुवात केली, कारण नदीत मोठे ब्राऊन दिसेनासे झाले. आता नदीच्या बऱ्याच भागात खोटीच माशी वापरायची आणि गळाला उलटा काटा नको, असा नियमच आहे. उलटा काटा नसला की गळ अलगद निघतो, मासा फारसा फाटत नाही. "फारसा" हा शब्द त्यांचाच, आणि तो म्हणताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

आता स्कीचा भाग, कारण त्याशिवाय गावाची गोष्ट पुरी होत नाही.

ट्रकीला हिवाळी खेळांचा नाद जुना आहे. १८९० च्या दशकात इथे बर्फाचा महाल उभारून लोकांना रेल्वेने बोलावत. डोनर खिंडीजवळ शुगर बोल सुरू झालं १९३९ मध्ये, कॅलिफोर्नियातली पहिली खुर्चीची लिफ्ट तिथली. म्हणजे टाहोतला मासा ज्या सुमाराला संपला त्याच सुमाराला पहिली लिफ्ट फिरली. हा निव्वळ योगायोग आहे, पण मला तारीख बघून थबकायला झालं.

खरा बदल १९६० चा. हिवाळी ऑलिम्पिक इथून जवळच्या खोऱ्यात झालं. तिथे १९४९ पासून छोटंसं स्की रिसॉर्ट होतं, त्यापलीकडे फारसं काही नाही. त्या खोऱ्याचं तेव्हाचं नाव मूळ रहिवासी बायकांसाठी शिवी आहे म्हणून रिसॉर्टने २०२१ मध्ये बदललं, आता पॅलिसेड्स टाहो. मीही जुनं नाव लिहीत नाही. तर हजारो गाड्या उभ्या करायला जागा हवी होती. खोऱ्यातून एक ओढा वाकडातिकडा वाहत होता, गवताळ कुरणातून. तो सरळ करून कालव्यासारख्या चरात घातला आणि वर वाहनतळ झाला.

आजोबा तेव्हा सतरा वर्षांचे. त्या ओढ्याच्या एका वळणावर, विलोच्या झुडपाखाली, त्यांनी नऊ वर्षांचे असताना पहिला मासा पकडला होता. गांडुळाने. ऑलिम्पिकमध्ये ते पाण्याच्या बादल्या उचलण्यापासून पडेल ते काम करत होते आणि आयुष्यात एवढी मजा कधी आली नाही म्हणतात. "मी स्की शिकलो, बायको भेटली, चाळीस हिवाळे डोंगराने पगार दिला. आणि माझं वळण गेलं. दोन्ही एकाच वर्षी." सगळं सांगताना कॉफी गार झाली होती, ती तशीच प्यायले.

सनीवेलकर | १३ जानेवारी, सकाळी १०:१०

लाज वाटली वाचून. आठ हिवाळे येतोय, त्या वाहनतळावर किमान तीस वेळा गाडी लावली असेल. 'पहाटे सहाला पोचलो नाही तर जागा मिळत नाही' एवढंच माझं त्या जागेबद्दलचं ज्ञान. नदी तर हायवेच्या कडेने जाते हेसुद्धा जीपीएसच्या नकाशात निळी रेघ म्हणून माहीत.

उन्हाळ्यात आलो तर बघण्यासारखं काय आहे? पोरं आठ आणि पाच वर्षांची. गळबिळ नको, नुसतं बघायला.

सिएराकर | १३ जानेवारी, दुपारी १२:२५

टाहो सिटीला जा. तळ्यातून नदी निघते तिथे १९१३ चं छोटं धरण आहे, सतरा दारांचं. वीजबीज काही नाही, तळ्याचे वरचे सहा फूट पाणी तेवढं अडवतं. त्याला लागून पूल आहे, फॅनी ब्रिज. नावाचं कारण पोरांना आवडेल. पुलाच्या कठड्यावरून वाकून लोक खालचे मासे बघतात आणि रस्त्यावरून जाणाऱ्याला फक्त ओळीने पार्श्वभाग दिसतात. तिथे मासेमारीला बंदी आहे, आणि ट्राउटना हे पक्कं ठाऊक असल्यासारखे ते तोंड प्रवाहाकडे करून निवांत तरंगत असतात.

ऑक्टोबरात आलात तर दक्षिणेला टेलर क्रीक. कोकनी मासे लालबुंद होऊन ओढ्यात चढतात. (चिंगळी, घावन, नाव कोकनी आहे, कोकणी नव्हे!) तेही इथले नाहीत. १९४४ मध्ये हॅचरीच्या तळ्यातून अपघाताने टाहोत सुटले आणि रमले. अंडी घालून मरतात, काठाला सडा पडतो, मग अस्वलं येतात. पोरं लहान आहेत, अस्वलांपासून लांब राहा.

घावन | १३ जानेवारी, दुपारी १२:४०

कोकनी! बाहेरगावी अपघाताने पोचला आणि रमला. आडनाव विचारा, आमच्यातलाच असणार.

रानजाई | १४ जानेवारी, सकाळी ७:०५

पहिल्यांदाच लिहितेय. एक शंका. आजोबांना जे हरवलं असं वाटतं ते ट्रकमधून ओतलेले मासे. त्यांच्या वडिलांना कदाचित कटथ्रोट आठवत असेल. वाशो आजीला त्याच्याही आधीचं. आणि सनीवेलकरांच्या पोरांना पुढे फॅनी ब्रिज आठवेल. मग 'पूर्वी कसं होतं' हे नक्की कोणाचं धरायचं?

कोरडवाहू | १४ जानेवारी, सकाळी ७:४०

ज्याच्याकडे नोंदवही असेल त्याचं! आमच्या खात्याचा अनुभव.

सिएराकर | १४ जानेवारी, रात्री १०:१५

रानजाई, मला उत्तर येत नाही. पण एक गोष्ट सांगायची राहिली आहे आणि ती तुमच्या प्रश्नाच्या आसपास जाते.

पिरॅमिड लेकचे मूळ मासे संपले. १९७० मध्ये लाहोन्टान कटथ्रोट सरकारी संकटग्रस्त यादीत गेला. तळ्यात दुसरीकडच्या कटथ्रोटची पिल्लं सोडली, पण ती तेवढी वाढत नव्हती. १९२५ चा विक्रम ४१ पौंडांचा, आणि या नव्यांतला चारपाच पौंडांचा मिळाला तरी लोक खूश व्हायचे. मग १९७० च्या दशकात नेवाडा-युटा सीमेवर पायलट पीक नावाच्या डोंगराच्या एका इवल्याशा ओढ्यात काही कटथ्रोट सापडले. उडी मारून ओलांडता येईल असा ओढा. खूप पूर्वी कोणीतरी तिथे नेऊन सोडलेले. पुढे जनुकं तपासली तेव्हा कळलं, हे पिरॅमिडच्या मूळ वाणाचे! हॅचरीत वाढवले आणि २००६ पासून पिरॅमिडमध्ये सोडले. काही वर्षांत वीस पौंडांचे मासे मिळायला लागले. २०१४ च्या वसंतात हे मासे ट्रकीच्या खालच्या भागात चढून स्वतःहून अंडी घालताना दिसले. १९३८ नंतर पहिल्यांदा. डर्बी डॅमवर २०२० मध्ये मासे कालव्यात जाऊ नयेत म्हणून चाळण बसवली.

म्हणजे बाहेरचे मासे आणून सोडायच्या ज्या खोडीने वाट लावली, त्याच खोडीने वाण वाचला. मला यावर काय वाटावं ते अजून ठरलेलं नाही.

तळं पायूटांच्या राखीव क्षेत्रात आहे, परवाना त्यांच्याकडूनच काढावा लागतो. आणि तिथे लोक शिडीवर उभं राहून मासे धरतात. खरंच. घरात रंगकामाला असते तशी घडीची शिडी पाण्यात रोवायची आणि वर चढून गळ फेकायचा. काठाशी तळ उथळ असतो आणि मग एकदम कडा तुटते, त्या कडेने मासे फिरतात. शिडीवरून गळ लांब जातो आणि पाय गोठत नाहीत.

टवाळ_कार्टं | १४ जानेवारी, रात्री १०:३१

माशांना चढायला वेळेवर शिडी दिली असती तर माणसांना चढावं लागलं नसतं.

कोरडवाहू | १४ जानेवारी, रात्री १०:४४

कार्ट्या, हे वाक्य मी चोरणार.

सिएराकर | २७ मार्च, रात्री ९:२०

धागा वर काढतोय, क्षमस्व. गेल्या शनिवारी आजोबांना घेऊन पिरॅमिडला गेलो. ट्रकीपासून दीड तास. ते इतकी वर्षं इथे राहून कधी गेले नव्हते. "खाली वाळवंटात कोण जाणार" असं त्यांचं म्हणणं. डोंगरातल्या माणसांची ती जुनी अढी.

पहाटे साडेपाचला पोचलो. वारा असा की डोळ्यांतून पाणी. काठाने पन्नासेक शिड्या, प्रत्येकीवर एक काळी आकृती, कोणी बोलत नाही. दुरून पाहिलं तर वाटावं, निवडणुकीचे झेंडे लावायला कार्यकर्ते चढलेत. मी आमची शिडी रोवली, आजोबांना वर चढवलं आणि स्वतः कमरेइतक्या पाण्यात ती धरून उभा राहिलो. ब्याऐंशीच्या माणसाला तळ्यात शिडीवर चढवल्याबद्दल त्यांच्या मुलीने फोनवर मला जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

आम्हाला काही लागलं नाही. साडेसातला शेजारच्या शिडीवरच्या पोराला लागला. विशीतला पायूट मुलगा, आजोबा त्याला आल्यापासून माशा दाखवत होते. दहाबारा मिनिटं झुंज. मग त्याने जाळीत घेतला आणि आजोबांना हाक मारली. आजोबा उतरले, हातमोजे काढले, हात पाण्यात भिजवले. कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो, म्हणून भिजवायचे. मग दोन्ही तळवे त्याच्या पोटाखाली धरले. वर काढला नाही, पाण्यातच. माझ्या दंडाएवढा जाड, पाठ हिरवट, बाजूला तांबूस छटा, अंगभर काळे ठिपके. आजोबांनी अंगठ्याने जबडा जरासा बाजूला केला आणि ती लाल रेघ बघितली. मासा कल्ले हलवत होता. मग त्याने शेपटी मारली आणि गेला. आजोबांच्या चष्म्यावर पाणी.

परत येताना रीनोपर्यंत ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुझी शिडी फार डुगडुगते. आठ फुटी घे."

चिंगळी | २७ मार्च, रात्री ९:४१

सोडला?! बरं, सोडला.

सनीवेलकर | २८ मार्च, सकाळी ८:००

जुलैची चार दिवसांची सुट्टी टाकली. शिडी उसनी मिळेल का?

सिएराकर | २८ मार्च, सकाळी ८:२५

सहा फुटी मिळेल. डुगडुगते. आणि जुलैत तिथे हंगाम बंद असतो, फॅनी ब्रिजच बघा.